व्हीएस कोडमधल्या टर्मिनलमध्ये पायथन सापडत नाही, बाहेरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सापडते

कलमबाग, देवगड

नमस्कार. आमच्या घरची हापूसची कलमे आहेत. हंगामात वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या पट्ट्यांवरून (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांवरून) पेट्या, डझन, हमाली, गाडीभाडे आणि दलाली यांचा हिशेब जुळवण्यासाठी मी पायथनमध्ये एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली आहे. संगणक विंडोजचा असून व्हीएस कोड (प्रोग्रॅम लिहिण्याचा संपादक) उघडे असतानाच मी काल पायथन बसवले. स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडला तर त्यात पायथनची आवृत्ती नीट दिसते, परंतु व्हीएस कोडमधल्या टर्मिनलमध्ये तीच आज्ञा दिली की ही आज्ञा ओळखता येत नाही, असे उत्तर मिळते. ते टर्मिनल कचरापेटीच्या चिन्हावर टिचकी मारून बंद केले आणि पुन्हा उघडले, तरीही फरक पडला नाही.

तूर्त पायथनचा पूर्ण पत्ता टाइप करून काम भागवतो, पण पुढे आणखी दोन अडचणी आहेत. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरते पायथनचे वेगळे फोल्डर) तयार झाले, मात्र ते सुरू करायला गेल्यावर या संगणकावर स्क्रिप्ट चालवण्यास मनाई आहे, असा लाल अक्षरांतला संदेश येतो. शिवाय मराठी नावे पडद्यावर तुटक दिसतात. ‘हापूस’मधला ऊकार बाजूला सरकतो, ‘रत्नागिरी’तले जोडाक्षर फुटते. तोच मजकूर बाण (>) देऊन फाइलमध्ये वळवला की ‘चारमॅप’ शब्द असलेली त्रुटी येऊन स्क्रिप्ट मध्येच थांबते. टर्मिनलची मांडणी चुकली आहे की पायथन चुकीचे बसले आहे?

कातळसडा, रत्नागिरी

पायथन नीट बसले आहे. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना त्याला चालू करणाऱ्याकडून पाथची (आज्ञा कोणकोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीची) आणि इतर चलांची एक प्रत मिळते, आणि नंतर मूळ यादी बदलली तरी ती प्रत आपोआप बदलत नाही. आपले व्हीएस कोड पायथन बसवण्याआधीपासून उघडे आहे. त्यामुळे त्याच्या पोटात कितीही नवी टर्मिनले उघडली तरी प्रत्येकाला त्या जुन्या प्रतीचीच प्रत मिळणार. स्टार्ट मेनूतला कमांड प्रॉम्प्ट मात्र पायथन बसवल्यानंतर उघडलेला असल्याने त्याला नवा पाथ मिळाला. व्हीएस कोडच्या एकूण एक खिडक्या बंद करून ते पुन्हा सुरू करावे. ‘रिलोड विंडो’ ही आज्ञा येथे पुरत नाही. आणि ते आधीपासून उघड्या असलेल्या एखाद्या कमांड प्रॉम्प्टमधून सुरू करू नये, नाहीतर जुनाच वारसा पुन्हा गळ्यात पडेल.

मनाईचा संदेश टर्मिनलचा नसून त्याच्या आत चालणाऱ्या पॉवरशेलचा, म्हणजे विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. विंडोजच्या घरगुती संगणकांवर पॉवरशेलचे स्क्रिप्ट चालवू देण्याबाबतचे धोरण मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे मनाईचे असते. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी’ या आज्ञेने ते फक्त चालू वापरकर्त्यापुरते, म्हणजे ‘करंटयूजर’ या व्याप्तीत, ‘रिमोटसाइन्ड’ करता येते. आपण स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट मग चालतात, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्यांना स्वाक्षरीची अट राहते. ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

खाडीपल्याड, मालवण

धोरणाला हात लावायची मुळात गरज नाही, असे माझे मत आहे. मी ज्या प्रयोगशाळेत शिकवते तेथील संगणकांवर हे धोरण प्रशासकाने वरून बसवलेले आहे आणि विद्यार्थ्यांना ते बदलता येत नाही. तरी आमचे काम अडत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा दाबून ‘टर्मिनल: सिलेक्ट डिफॉल्ट प्रोफाइल’ शोधावे आणि यादीतून कमांड प्रॉम्प्ट निवडावा. उघडे टर्मिनल त्याने बदलत नाही, पुढचे नवे टर्मिनल मात्र कमांड प्रॉम्प्टचे येते. तेथे तेच एन्व्हायर्नमेंट बॅच फाइलने सुरू होते आणि पॉवरशेलचा प्रश्नच उरत नाही. त्याहून सोपे म्हणजे ते सुरूही न करता त्याच्या फोल्डरातले पायथन थेट पत्ता देऊन चालवणे.

सुरुबन, गुहागर

मराठी अक्षरांबद्दल लिहितो, कारण यात मी बरेच दिवस घालवले आहेत. टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या मापाच्या चौकटींची जाळी असते आणि प्रत्येक अक्षराने आपापल्या चौकटीत बसावे, अशी तिची अपेक्षा असते. देवनागरीत काना-मात्रा शेजारच्या अक्षराला चिकटतात, जोडाक्षरात दोन-तीन अक्षरे मिळून एकच आकार होतो, आणि तेथे ही जाळी हार मानते. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर देवनागरी असलेला फाँट दिल्याने ते जातील, पण जोडाक्षरांची मोडतोड आणि रकान्यांचे सरकणे फाँटने सुटत नाही. मी सात-आठ फाँट पालटून पाहिले. तो वेळ आपण वाचवावा. पडद्यावर तुटक दिसले तरी आतला मजकूर शाबूत असतो, आणि तीच फाइल व्हीएस कोडच्या संपादकात उघडली की ‘रत्नागिरी’ व्यवस्थित दिसते.

‘चारमॅप’ची त्रुटी वेगळी आहे. पायथन थेट पडद्यावर लिहिते तेव्हा युनिकोड वापरते, परंतु बाणाने मजकूर वळवला की ते विंडोजच्या जुन्या संकेतप्रणालीकडे जाते आणि तिच्यात देवनागरी नाही. सेटिंग्जमध्ये ‘टर्मिनल.इंटिग्रेटेड.एन्व्ह.विंडोज’ येथे ‘पायथनयूटीएफ८’ हे चल इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून त्याची किंमत १ द्यावी आणि नवे टर्मिनल उघडावे. पण जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये बाण स्वतःच मजकुराचे रूपांतर करतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. फाइल स्क्रिप्टमधूनच उघडावी आणि एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची संकेतप्रणाली) स्पष्ट सांगावे. पट्ट्यांची सीएसव्ही एक्सेलमध्ये पाहायची असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे, म्हणजे एक्सेल मराठी ओळखते.

कलमबाग, देवगड

सर्वांचे आभार. पहिल्या अडचणीची गंमत अशी, की आपली उत्तरे वाचण्याआधीच काल संध्याकाळी वळीव कोसळला, वीज गेली, संगणक बंद पडला, आणि रात्री सुरू केल्यावर पायथन आपसूक सापडू लागले. कारण मात्र आज कळले. कमांड प्रॉम्प्ट निवडला आहे. धोरण तसेच ठेवले. फाइल स्क्रिप्टमधून लिहिल्यावर नावेही नीट आली. आता एकच शंका: सगळ्या पट्ट्या एकदम चालवल्या की टर्मिनलमधल्या सुरुवातीच्या ओळी नाहीशा होतात. त्या वाचवता येतात का?

कातळसडा, रत्नागिरी

टर्मिनल मुळात १००० ओळीच जपून ठेवते. ‘टर्मिनल.इंटिग्रेटेड.स्क्रोलबॅक’ची किंमत १०००० करावी. पण आपण आता फाइल लिहीतच आहात, तेव्हा पडद्यावर फक्त न जुळलेल्या पट्ट्या छापाव्यात.