पहाटे गाडी, रात्री परत: मुंबईत काही तासांची खोली

*बी-402:* मंडळी, मुंबईची माहिती हवी आहे. मुलीची अमेरिकन कॉन्सुलेटला व्हिसाची मुलाखत आहे, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), सकाळी 10:30. सोबत हिला पाठवतोय. गाडी सीएसएमटीला पहाटे 5:40 ला, परतीची तिथूनच रात्री 9 ला. आंघोळ करून तासभर पडता येईल अशी स्वच्छ खोली हवी. जिथे बघावं तिथे चेक-इन दुपारी 12 नंतर. मग आदल्या दिवसाचंही भाडं भरायचं का?

*ए-103:* नाही दादा, गरज नाही. तिकीट कन्फर्म आहे ना? असेल तर आधी रेल्वेची रिटायरिंग रूम बघा. आयआरसीटीसीच्या साइटवर रिटायरिंग रूममध्ये जाऊन पीएनआर टाकायचा. कन्फर्म किंवा आरएसी चालतं, वेटिंगवर मिळत नाही. प्रवास जिथून सुरू होतो किंवा जिथे संपतो, त्याच स्टेशनची खोली दिसते. त्यामुळे सीएसएमटीच्या तिकिटावर दादरची खोली मिळणार नाही. काही स्टेशनांवर तासांवर बुकिंग होतं, काही ठिकाणी 12 किंवा 24 तासांचेच स्लॉट असतात. पीएनआर टाकल्यावर कळेल.

*बी-402:* कन्फर्म आहे. दोघींना एक खोली मिळेल?

*ए-103:* डबल बेडची घ्या. डॉर्मिटरी स्वस्त पडते, पण तिथे बाथरूम सामाईक. पहाटेच्या गाड्यांची माणसं एकदमच उतरतात, सहा ते आठ रांग लागते. मुलाखतीच्या दिवशी तो ताण नको. आणि स्लॉट गाडीच्या वेळेला अगदी चिकटवून घेऊ नका. गाडी दीड तास लेट झाली तरी तुमचा स्लॉट सुरू झालेला असतो, तेवढे तास फुकट जातात. मात्र उशिराचा स्लॉट घेतला तर आंघोळीला वेळ उरत नाही. 12 तासांचा मिळाला तर तोच घ्या, कारण सामान दिवसभर कुठेतरी ठेवायचं आहेच.

*सी-601:* सामानाचं बरोबर बोललात. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल, स्मार्टवॉच, लॅपटॉप, इअरफोन काही आत नेता येत नाही. मोठी बॅगही नाही. बाहेर ठेवायची सोय कॉन्सुलेट देत नाही. मुलीने फक्त कागदांची फाइल घेऊन जावं, फोन आईकडे. सुटल्यावर आई नेमकी कुठे उभी असेल ती जागा आत जाण्याआधीच ठरवून ठेवा, कारण बाहेर आल्यावर तिच्याकडे फोन नसणार. दोघींचं मेट्रोचं तिकीट एकाच मोबाइलवर काढणार असाल तर हेही लक्षात घ्या. कागदी तिकीट काउंटरवर मिळतं.

*बी-402:* मेट्रो सीएसएमटीहून थेट आहे?

*सी-601:* हो. ॲक्वा लाइन ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. सीएसएमटीला बसलं की दादरवरून थेट बीकेसी, साधारण अर्धा तास. पुढे रिक्षा. त्यामुळे बीकेसीतच हॉटेल शोधत बसू नका, तो महागडा भाग आहे. या लाइनवर स्टेशनजवळ जिथे खोली मिळेल ती चालेल: सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर.

*डी-204:* रिटायरिंग रूम फुल असेल तर? पॉड हॉटेलचं काय?

*ए-103:* मुंबई सेंट्रलला 2021 पासून आहे, सीएसएमटीलाही स्लीपिंग पॉड आहेत. एकट्या माणसाला झोपायला उत्तम. पण पॉड म्हणजे एका माणसाची बंदिस्त जागा, बाथरूम बाहेर, कपडे बदलायला अडचण. माझ्या मते मायलेकींना खोलीच बरी.

*सी-601:* मग तासांवरच्या खोल्या. ब्रेविस्टे, बॅगटूबॅग अशी ॲप्स आहेत, बहुधा 3, 6, 12 तासांचे स्लॉट. 3 तासांचं भाडं बघून भुलू नका. 6 ला खोली घेतली तर 9 ला रिकामी करावी लागेल आणि सामान पुन्हा तुमच्या हातात. ॲपवर बुकिंग झालं तरी लगेच हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करा. ॲपचं बुकिंग तिथे पोचलेलंच नसतं किंवा पहाटे रात्रपाळीचा माणूस "सकाळी या" म्हणतो, असं होतं. फोनवर विचारा: पहाटे 6 ला खोली नक्की हातात मिळेल का, चेकआउट 24 तासांचं आहे की ठरलेल्या वेळेला, बाथरूम अटॅच्ड आहे का, चेकआउटनंतर बॅग ठेवाल का, टॅक्स धरून एकूण किती. आणि गरम पाणी किती ते किती! बऱ्याच लॉजमध्ये गिझर ठरावीक तासच चालू असतो.

*ई-302:* टॅक्सबद्दल सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, आधी 12 होता. बिलात अजून 12 लावला असेल तर विचारा. रेल्वे स्वतः देते त्या रिटायरिंग रूमला जुलै 2024 पासून जीएसटी माफ आहे.

*बी-402:* आधार दोघींचं घेऊन जातील. झेरॉक्स द्यावी लागते का?

*ई-302:* ओळखपत्र दोघींचंही लागेल, एकीचं पुरत नाही. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधारची द्या, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवर डाउनलोड करताना मास्क्डचा पर्याय निवडायचा. फाइलचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. प्रिंट घरूनच काढून न्या. मुलीचा पासपोर्ट मात्र काउंटरवर सोडू नका, दाखवून लगेच परत घ्या.

*डी-204:* मुंबईतली मावशी त्यांच्यासोबत खोलीत थांबणार असेल तर ते आधी विचारा. त्याच शहराचा पत्ता असलेलं ओळखपत्र काही लॉजवाले घेत नाहीत. कायद्याची बंदी नाही, पण पहाटे काउंटरवर वाद घालून उपयोग होत नाही.

*ए-103:* आणि दादा, हॉटेलचा नंबर गुगलवर पहिला दिसला म्हणून त्यावर आगाऊ पैसे पाठवू नका. हॉटेल आणि धर्मशाळांच्या नावाने खोटे नंबर, खोट्या साइट बऱ्याच आहेत. "आज फक्त एकच खोली शिल्लक, आत्ता यूपीआय करा" म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, रक्कम गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त.

*बी-402:* आभार सगळ्यांचे. रिटायरिंग रूम 12 तासांची दिसतेय, सकाळी 8 ते रात्री 8. पण 5:40 ते 8 काय करायचं?

*ए-103:* तोवर वेटिंग रूम, तिकीट दाखवून बसता येतं. पण 8 ला खोली म्हणजे आंघोळ करून 9 ला निघायला घाई होईल. वेटिंग रूममध्येही बाथरूम असतं, मुलीने तिथेच आवरून घ्यावं. 8 ला खोलीत सामान टाकायचं आणि लगेच मेट्रो. दुपारी परत येऊन निवांत पडता येईल. रात्री 8 ला खोली सोडली की गाडीला एक तास उरतो.

*ई-302:* बॅगेला कुलूप लावून पाठवा. खोली मिळाली नाही आणि क्लोक रूममध्ये ठेवायची वेळ आली, तर बिनकुलपाची बॅग घेत नाहीत.