मदत हवी आहे: पॅकेज एसीचा ब्लोअर पट्टे खातोय

नमस्कार मंडळी. लातूरला आमच्या मंगल कार्यालयात पॅकेज एसी (मोठ्या हॉलसाठीचा एसी) आहे. दोन महिन्यांत ब्लोअरचे, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचे, दोन पट्टे गेले. खाली काळी रबराची भुकटी साचते. मेकॅनिक येतो, पट्टा ताणून जातो. जास्त ताणला की बेअरिंगवरच भार येतो, हे त्याला कितीदा सांगावं? काल मेन स्विच बंद करून पट्टा उतरवला, दोन्ही पुल्या (पट्ट्याची चाकं) एका रेषेत आहेत का ते दोरी लावून पाहिलं. मोटरची पुली ४ मिमी आत आहे. ब्लोअर हाताने फिरवला तर मोटरकडच्या बेअरिंगमधून खरखर येते. आता दोन्ही बेअरिंग एकदमच बदलू का? आणि शाफ्टवर (दांड्यावर) गंजून बसलेली पुली शाफ्ट न वाकवता कशी काढायची? हातोडा मारायची हिंमत होत नाही. परवा लग्न आहे, जाणकारांनी लवकर सांगा.