बुकित्तिंग्गीत दोन दिवस : शहराचा इतिहास कोठून पाहण्यास सुरुवात करावी?

प्रश्न (करवीरनिवासी) :
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी आणि आई असे तिघे इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रात जाणार आहोत आणि त्यांपैकी दोन दिवस मिनांगकाबाऊ लोकांच्या डोंगरी प्रदेशातील बुकित्तिंग्गी या शहरासाठी राखून ठेवले आहेत. आजवर वाचनात आलेली बहुतेक माहिती घड्याळाच्या मनोऱ्यापाशीच संपते. पन्हाळ्यावर गेल्यावर अंधारबावीपासून तीन दरवाजापर्यंत प्रत्येक वास्तू कशासाठी उभी राहिली, हे कळल्याशिवाय आम्हाला समाधान होत नाही. तेथेही तसेच पाहता येईल काय? आई शाकाहारी आहे आणि तिला फार पायऱ्या चढवत नाहीत, हेही कृपया लक्षात घ्यावे.

उत्तर १ (रंकाळाकाठ) :
आपण पन्हाळ्याचा उल्लेख केलात, तो अगदी योग्य आहे, कारण दोन्ही ठिकाणांची उंची साधारण सारखीच, म्हणजे तीन हजार फुटांच्या आसपास आहे. मात्र पन्हाळ्यासारखी तटबंदी तेथे शोधू नका. डचांनी १८२५ मध्ये टेकडीवर बांधलेल्या फोर्ट दे कॉक या किल्ल्याच्या जागी आज मोजक्या तोफा आणि बाग उरली आहे. तरीही सुरुवात तेथूनच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण शहर याच किल्ल्याभोवती वाढले आणि डच काळात त्याचे नावही फोर्ट दे कॉक हेच होते.

हा किल्ला ज्या युद्धात उभा राहिला, त्याला पाद्री युद्ध म्हणतात. आपल्याकडील अर्थाने हे ‘पाद्री’ नव्हेत. मक्केहून परतलेल्या हाजींच्या प्रेरणेने जुन्या रूढी मोडून काढू पाहणाऱ्या मुस्लिम सुधारकांना ते नाव पडले होते. रूढी पाळणाऱ्या सरदारांनी त्यांच्याविरुद्ध १८२१ मध्ये डचांची मदत घेतली आणि परके राज्य आपल्या हाताने घरात आणले. ही चूक उमगल्यावर १८३३ च्या सुमारास दोन्ही पक्ष डचांविरुद्ध एकत्र आले, परंतु तोवर उशीर झाला होता. १८३७ मध्ये पाद्रींचे नेते इमाम बोंजोल पकडले गेले. भाऊबंदकीत तिसऱ्याला बोलावण्याची ही कथा आपल्याला परकी वाटणार नाही.

मनोरा, म्हणजे जाम गडांग, १९२६ चा आहे. त्याच्या तबकडीवर चारचा रोमन आकडा चार उभ्या रेघांनी लिहिलेला आहे. पण तबकडीपेक्षा छताकडे पाहा : डच काळात तेथे कोंबड्याची आकृती होती, जपानी अमलात छताला जपानी मंदिराचा आकार आला आणि स्वातंत्र्यानंतर मिनांगकाबाऊ घरांसारखे टोकदार छप्पर चढले. तीन राजवटींचा इतिहास एका छतात वाचता येतो.

इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हत्ता १९०२ मध्ये येथेच जन्मले. त्यांचे जन्मघर पुन्हा बांधून संग्रहालय केले आहे आणि ते अवश्य पाहावे. १९२७ च्या ब्रुसेल्स परिषदेत त्यांची पंडित नेहरूंशी भेट झाली होती. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी प्रजासत्ताकाची तेव्हाची राजधानी योग्यकार्ता घेऊन राष्ट्राध्यक्ष सुकार्नो व हत्ता यांना कैद केले, तेव्हा प्रजासत्ताकाचे आणीबाणीचे सरकार शाफ्रुद्दीन प्रविरानेगारा या मंत्र्यांच्या नेतृत्वाखाली याच परिसरातून उभे राहिले.

उत्तर २ (पंचगंगातीर) :
वरील माहितीला समाजाची जोड दिल्याशिवाय हे शहर समजणार नाही. मिनांगकाबाऊ लोक मुस्लिम आहेत आणि तरीही त्यांच्यात वडिलोपार्जित जमीन व घर आईकडून मुलीकडे जाते. याचा अर्थ तेथे स्त्रियांचे राज्य आहे, असा मात्र घेऊ नये. घराण्याच्या प्रमुखाचा मान मामाकडून भाच्याकडे जातो आणि कुळाच्या व्यवहारात मामाचा शब्द मोठा असतो. तरुण मुलगे कमाईसाठी परगावी जातात, त्या प्रथेला ‘मेरांताऊ’ म्हणतात.

‘मिनांगकाबाऊ’ या नावाची दंतकथा तर कोल्हापूरकरांनी ऐकावीच. जावाच्या सैन्याशी लढाई टाळण्यासाठी झुंज ठरली. त्यांनी मोठा रेडा आणला, तर यांनी उपाशी रेडकाच्या तोंडाला धारदार लोखंड बांधले. रेडकू दूध पिण्यासाठी रेड्याच्या पोटाखाली धावले आणि त्याचे पोट फाटले. ‘मिनांग’ म्हणजे विजय आणि ‘काबाऊ’ म्हणजे म्हैस. दिवाळीत शिंगे रंगवून म्हशी पळवणाऱ्या आपल्या गावाला ही कथा जवळची वाटेल. घरांच्या छपरांची वर वळलेली टोके याच शिंगांची, असे तेथील लोक मानतात.

उत्तर ३ (रंकाळाकाठ) :
आपल्या मातोश्रींविषयी लिहायचे राहिले होते. सिआनोकची खोल घळ पानोरामा उद्यानातून आरामात दिसते, तेथे त्यांना बसवून ठेवावे. त्याच उद्यानातून जपानी भुयारात उतरता येते, परंतु उतरण्याच्या पायऱ्या बऱ्याच व उभ्या आहेत, त्यामुळे आपण दोघांनीच जावे. दुसऱ्या महायुद्धात वेठबिगारांकडून खोदून घेतलेले ते भुयार आहे. तेथे गंमत म्हणून जाऊ नये. जेवणात फणसाचा गुलाई (नारळाच्या दुधातील रस्सा) मिळतो, पण रस्सा मांसाहारी नाही ना, हे दर वेळी विचारावे. दिवाळीच्या सुमारास तेथे पाऊस असतो, म्हणून छत्र्या सोबत असू द्याव्यात. मारापी ज्वालामुखीवर मात्र जाऊ नये. डिसेंबर २०२३ च्या उद्रेकात तेथे गिर्यारोहकांचे प्राण गेले आहेत.