‘ब्लंडर’ म्हणजे घोडचूकच का?

भुसावळकर: मंडळी, एका शब्दावरून घरात वाद झालाय. रात्री जेवणं झाली की मी मोबाइलवर बुद्धिबळाचे दहा मिनिटांचे दोन-तीन डाव खेळतो आणि सकाळी जळगावच्या गाडीत बसलो की तेच डाव पुन्हा उघडून बघतो. इंजिनने, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमने, आधीच रंगीत खुणा करून ठेवलेल्या असतात: ब्लंडर (सगळ्यात मोठी चूक), मिस्टेक (त्याहून लहान), इनअ‍ॅक्युरसी (किरकोळ). वहीत हे मराठीत लिहावं म्हणून बसलो आणि ब्लंडरला ‘घोडचूक’ लिहिलं. वडिलांनी वही पाहिली आणि म्हणाले, “कळत असून केली ती घोडचूक. तुला मुळात कळलंच नव्हतं.”

डाव असा (ई४, एफ३ ही पटावरच्या घरांची नावं). मी पांढरा. राजापुढचं प्यादं ई४, समोरच्याचंही ई५. माझा घोडा एफ३, त्याचा सी६. माझा उंट सी४. इथे त्याने घोडा थेट डी४ वर आणून ठेवला. ई५ चं प्यादं उघडं पडलं, मी घोड्याने खाल्लं. त्याने वजीर जी५ वर आणला. मी खूश. घोडा एफ७ वर टाकला, एका उडीत वजीर आणि हत्ती दोघांवर मारा! पुढचं ऐका: वजिराने जी२ चं प्यादं खाल्लं, मी हत्ती एफ१ वर सरकवला, वजिराने ई४ चं प्यादं खाऊन शह दिला, मी उंट ई२ वर आडवा घातला आणि त्याचा घोडा एफ३ वर. मात. सात चालींत खेळ खलास.

इंजिन म्हणतं ब्लंडर पाचव्या चालीला, एफ७ वर घोडा नेला तेव्हा. न्यायचाच होता तर तिथे उंट न्यायचा, शह देत. आता याला म्हणायचं काय?

चाळीसगावकर: दादा, ‘घोड’ इथे आकार सांगतो, हेतू नाही. घोडनवरी म्हणजे लग्नाचं वय उलटून मोठी झालेली नवरी, तशी घोडचूक म्हणजे मोठी, ढळढळीत चूक. कळून केली की न कळता, याचा शब्दाशी संबंध नाही. पण वडिलांचं म्हणणंही हवेतलं नाही. बोलताना आपण घोडचूक हा शब्द बहुतेक दुसऱ्याला ऐकवतो, “एवढी साधी गोष्ट कळू नये?” या सुरात. तो सूर त्यांनी अर्थ म्हणून धरलाय.

शहादेकर: सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे बघत लहानाचा मोठा झालो, पण एवढी शुद्ध घोडचूक पहिल्यांदा पाहिली. चूक घोड्याने केली आणि मातही घोड्यानेच दिली! त्यातून तुमचा घोडा निघाला होता वजीर आणि हत्ती दोघांच्या घरी जेवायला. दोन घरचा पाहुणा उपाशी.

चाळीसगावकर: 😄 बुद्धिबळातही ‘घर’च म्हणतात, म्हणून ही म्हण इथे दुप्पट बसते.

रावेरकर: मी केळीवाला माणूस, बुद्धिबळ मुलामुळे शिकलो. मला वाटतं तुम्ही दोन कामं एकाच शब्दात कोंबताय. वादळाने बाग आडवी झाली की तलाठी आणि कृषी सहायक येतात, पंचनामा करतात. किती क्षेत्र, किती टक्के. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदतीच्या यादीत. त्या कागदावर नुकसान येतं. बाग का पडली, झाडांना टेकू होता का, बांधावर वारा अडवायला शेवरी लावली होती का, हे त्यात नसतं. ते शेतकऱ्याने नंतर एकट्याने फिरून बघायचं.

इंजिन करतं तो पंचनामा. प्याद्याच्या शंभराव्या हिश्श्यात नुकसान मोजतं आणि मोठं असलं की शिक्का मारतं: ब्लंडर. कारण सांगणं त्याच्याकडे नाही. मराठीत मात्र कारणांचे शब्द रगड आहेत. मुलाच्या वहीत आम्ही ब्लंडर लिहितच नाही. नजरचूक म्हणजे मोहरा समोर होता पण दिसला नाही. हिशेबचूक म्हणजे दिसला, पण तीन चालींपुढचं गणित फसलं. गफलत म्हणजे जिंकतोय या धुंदीत ढिला पडला. आणि हाव. तुमची केस सरळ हावेची.

भुसावळकर: नजरचूक का नाही? जी२ चं प्यादं मारलं जाईल हे मला दिसलंच नव्हतं.

रावेरकर: का दिसलं नाही? नजर वजीर-हत्तीवर खिळली होती म्हणून. डोळ्याला दोष देऊ नका भाऊ.

भुसावळकर: मान्य. हे झोंबलं, पण मान्य. कालपासून मागच्या वीसेक डावांना रावेरकरांचे शब्द लावून पाहिले. ब्लंडर म्हणून सगळे सारखे दिसत होते, आता वेगळे दिसायला लागले. नजरचुका माझ्या समजत होतो त्याहून कमी निघाल्या. गफलती जास्त, आणि त्या जवळपास सगळ्या समोरच्यापेक्षा एक मोहरा जास्त असताना केलेल्या. एक खण मात्र रिकामा राहिला: वेळ संपत आल्यावर केलेल्या चुका. त्यांना ‘हातघाई’ लिहू का?

पारोळेकर (हल्ली पुण्यात): लिहा, पण जपून. हातघाई म्हणजे हातातली घाई नव्हे. लढाई हातघाईवर आली म्हणजे बाण-बंदुकीचं अंतर संपून माणूस माणसाला भिडला. नंतर त्यावरून ‘निकरावर येणं’ असा अर्थ झाला. शेवटच्या वीस सेकंदांत दोघेही नुसते राजे पळवत असतात, तेव्हा हातघाई शोभतो. एकट्याने घाबरून चाल केली तर साधं ‘घाईत’ लिहा. जुन्या घड्याळाला छोटा झेंडा असायचा, वेळ संपली की तो पडायचा. ‘झेंडा पडला’ अजून म्हणतात, मोबाइलमध्ये झेंडा नसला तरी.

आणि शब्दांचीच चर्चा आहे तर एक काडी टाकतो. तुम्ही खेळता ते ‘रॅपिड’ आहे का? मराठीत आपण रॅपिडला जलद आणि ब्लिट्झला अतिजलद म्हणतो. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात जलद डाव दहा मिनिटांच्या वरचा आणि साठच्या आतला. नेमका दहा मिनिटांचा डाव अतिजलदमध्ये मोडतो. चेस डॉट कॉम आणि लिचेस या खेळायच्या दोन्ही साइटवर मात्र दहा मिनिटांचा डाव रॅपिडच. म्हणजे तुम्ही मोबाइलवर जलद आणि नियमाने अतिजलद!

भुसावळकर: मग गेल्या वर्षभराचं रेटिंग कुठल्या खात्यात टाकू?

पारोळेकर: पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद असं खेळा, म्हणजे कुठल्याच व्याख्येची कटकट नाही. त्यात चूक झाली तर घड्याळाकडे बोट दाखवायलाही फारशी जागा उरत नाही. २०२५ चा महिला विश्वचषक नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकला, तो कोनेरू हम्पीविरुद्ध टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडायच्या, जलद डावांतच. ‘जलद’ म्हणजे उथळ, असं समजायचं कारण नाही.

चाळीसगावकर: थोडं अवांतर. ज्या इंजिनपुढे आपण सगळे मान खाली घालतो त्या स्टॉकफिशच्या नावाचा अर्थ माहीत आहे का? वाळवलेला मासा. नॉर्वेत वाळवतात, इटलीत आवडीने खातात. मूळ प्रोग्रॅम नॉर्वेच्या माणसाचा, २००८ साली तो पुढे नेला इटलीच्या माणसाने, म्हणून हे नाव. थोडक्यात, आपल्या चुका सुकी मासळी काढते.

शहादेकर: तरीच माझ्या डावांना वास येतो.

अमळनेरकर: उशिरा आलो. एक शब्द राहिला. समोरच्याने वजीर फुकट ठेवला आणि आपल्यालाही तो दिसला नाही, अशा वेळी इंजिन आपल्यालाच ‘मिस’ देतं. ते कुठल्या खणात?

चाळीसगावकर: ‘हुकलं’. संधी हुकली, नेम हुकला, तसंच.

अमळनेरकर: ते पुस्तकात ठीक आहे, ताई. आमचे आबा शेजारी बसून डाव बघतात. परवा असंच झालं तर म्हणाले, “एकनी ठेवा, दुसरानी देखा नही. दोन्हीबी येडा!”

भुसावळकर: खण आखला. वर ‘दोन्ही येडा’ असंच लिहिलंय.