मराठी माध्यमातील मुलांची तपासणी मराठीतूनच व्हावी

मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता) असल्याचे प्रमाणपत्र आठ वर्षांआधी मिळत नाही, म्हणून तपासणीसाठी तिसरीपर्यंत थांबावे, असे या विषयावरील चर्चेत सुचवले गेले आहे. फार लहान वयात निदान पक्के करता येत नाही, हे मान्य. परंतु परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक यांसाठी लागणारे प्रमाणपत्र आणि वाचनासाठी लागणारी मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचनाच्या मदतीसाठी थांबण्याचे काहीच कारण नाही. दृष्टी आणि श्रवण तपासून घेऊन विशेष शिक्षकांकडे अक्षर-ध्वनींचा सराव पहिलीपासूनही सुरू करता येतो.

या चर्चेत तपासणीच्या भाषेचा विषय आलेला नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझी भाची मराठी माध्यमात शिकते, तरी तिची पहिली चाचणी केवळ इंग्रजीतून झाली; त्यामुळे अडचण वाचनाची आहे की अपरिचित भाषेची, हे अहवालावरून कळेना. पुढे मराठीतून तपासणी झाली, तेव्हा जोडाक्षरे आणि वेलांट्या-उकारांशी ती नेमकी कुठे अडते ते स्पष्ट झाले आणि सरावाला दिशा मिळाली. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. त्यात शिक्षकांनी वर्गात करायची प्राथमिक पाहणी पहिली-दुसरीच्या मुलांसाठीही आहे. वेळ ठरवतानाच मानसशास्त्रज्ञांना ‘मराठीतून चाचणी घ्याल का?’ असे स्पष्ट विचारावे.