मोबाइलच्या आधी टीव्ही बघा

'मुलांचे मोबाइल काढून घ्या, नैराश्य आपोआप जाईल' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. जून २०२० मध्ये आमच्या लालबागच्या घरात मोबाइल नव्हे, टीव्ही दिवसभर ओरडत होता. वांद्र्यात सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला आणि नंतर कित्येक आठवडे वाहिन्यांनी त्याची खोली, त्याची औषधं, त्याची नाती, सगळं चघळलं. बाहेर लॉकडाऊन, आत दोन खोल्या. नुकतीच दहावीत गेलेली भाची त्या आवाजापासून पळणार कुठे? तिची झोप उडाली. आम्ही (मी धरून) म्हटलं, दहावीचं टेन्शन असेल.

आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचं वर्णन नको, सनसनाटी मथळे नकोत, हे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच सांगितलं होतं. पण कौन्सिलचा अधिकार छापील माध्यमांपुरता. टीव्हीवाल्यांना कोण विचारतो!

इन्स्टावर इतरांशी स्वतःची तुलना करून मुली कुढतात, हेही खरंच. फक्त एक विसरू नका: दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये स्वतःच्या डिप्रेशनबद्दल उघड सांगितलं, म्हणून तो शब्द भाचीला ठाऊक होता. 'मामा, मला तसंच होतंय,' असं ती म्हणू शकली. आजीला ते खूळ वाटलं, पण आम्ही डॉक्टरकडे गेलो.

आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तेव्हा तोही नव्हता.