मदत हवी आहे: दोन सोनोग्राफींत पाणथरीचं माप वेगळं, वर एक डाग पण निघालाय

नमस्कार मंडळी, भावासाठी विचारतेय, वय ३४, उंची सहा फूट दोन इंच. मागे दहा-बारा दिवस ताप होता आणि डाव्या बरगडीखाली जडजड वाटायचं म्हणून सोनोग्राफी केली, तर प्लीहा (म्हणजे पाणथरीच) १४.१ सेंमी, सौम्य वाढलेली असं आलं. ताप गेल्यावर महिन्याभराने दुसरीकडे परत केली तर १२.८. हायसं वाटतंय तोच खाली वाचलं तर ९ मिमीचा पांढरट डाग, हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) असू शकतो, शिवाय हायलमपाशी (रक्तवाहिन्या पाणथरीत शिरतात तिथे) १.२ सेंमीची गोळी, अ‍ॅक्सेसरी स्प्लीन (जास्तीची छोटी पाणथरी). पहिल्या रिपोर्टात यातलं अक्षर नाही!!

पहिल्या ठिकाणी उताणं झोपवून दोन मिनिटांत उरकलं होतं. दुसऱ्या मॅडमनी उजव्या कुशीवर वळवलं, डावा हात डोक्यावर, बरगड्यांच्या फटीत प्रोब रुतवून "श्वास घ्या, नाही एवढा नको, थोडा सोडा, थांबा" असं चार-पाच वेळा. माप कुठलं खरं धरायचं? आणि सीटी लगेच करायचा का?

उत्तर: ताई, मी रेडिओलॉजीतच आहे. दोन्ही मापं खरी असू शकतात, तापात सुजलेली पाणथरी काही आठवड्यांत ओसरते, आणि प्रोब जरा तिरका झाला की सेंटिमीटरभर फरक तसाही पडतो. १२-१३ पर्यंत नॉर्मल धरतात पण उंच माणसाला थोडं जास्त चालतं. जास्त श्वास घेतला की फुफ्फुस आड येतं, हवेतून काही दिसत नाही, वरचं टोक झाकलं जातं, म्हणून ती श्वासाची कसरत. ती हायलमपाशची गोळी विसरा, दहातल्या एखाद्याला असतेच, पोत पाणथरीसारखाच दिसतो. डाग पांढरा, कडा स्वच्छ, आधी कॅन्सर वगैरे काही नाही, असं असेल तर बहुतेक वेळा काही महिन्यांनी परत सोनोग्राफीच करतात. शंका राहिली तर काँट्रास्ट सोनोग्राफी (शिरेतून औषध देऊन करतात ती) नाहीतर एमआरआय. दोन्ही रिपोर्ट आणि फिल्म एकाच डॉक्टरला दाखवा, ते ठरवतील. आणि पूर्ण ओसरेपर्यंत धक्काबुक्कीचे खेळ बंद, वाढलेली पाणथरी माराने फुटू शकते. अचानक पोटात जोरात दुखलं, डावा खांदा दुखला, चक्कर आली तर थेट इमर्जन्सी.

धागाकर्ती: खूप आभार दादा. हा बाबा परवाच फुटबॉल खेळून आलाय, थांबा, आधी त्याला फोन लावते.